लेन बदलताना हात थरथरतात तेव्हा

मावशी मागच्या सीटवर बसली होती. मांडीवर केसपेपरची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट, हातात पाण्याची बाटली. सकाळचे साडेसात वाजले होते. पांजरापोळजवळ आमचा रस्ता ईस्टर्न फ्रीवेला मिळतो, तिथे मी गाडी चढवली. घाटकोपरकडून उड्डाणपुलावरून येणाऱ्या गाड्या उजव्या आरशात एकामागून एक मोठ्या होत होत्या. मला त्यांच्यात शिरायचं होतं. इंडिकेटर दिला, पण पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी वीसच्या वेगावर आली. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढेना. माझे तळहात स्टेअरिंगवरून घसरायला लागले आणि कानात माझीच धडधड ऐकू येऊ लागली.

"काय गं, गाडी बिघडली का?" मावशीने विचारलं.

गाडी ठणठणीत होती. बिघडले होते माझे हातपाय.

कशीबशी मी डाव्या लेनमध्ये घुसले. पुढे बोगदा आला, तिथे तर श्वासच अडकल्यासारखा झाला. एका टेम्पोच्या मागे चिकटून, एकदाही लेन न बदलता, मी तो सगळा रस्ता पार केला. मावशीला रुग्णालयाच्या दारात सोडलं आणि गाडीत दहा मिनिटं नुसती बसून राहिले. येताना फ्रीवे सोडून शिवडी, वडाळा, सायन करत खालून आले. दुप्पट वेळ लागला, पण जिवाला बरं वाटलं.

हे "बरं वाटलं" लक्षात ठेवा. पुढे त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

मी नर्सिंगचा डिप्लोमा करून चौदा वर्षं नोकरी केली. त्यातली सहा वर्षं अपघात विभागात गेली. हायवेवरून आणलेली माणसं मी स्ट्रेचरवरून उतरवून घेतली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना निरोप दिला आहे. नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून एक जुनी व्हॅगनआर घेतली. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायांना रुग्णालयात नेण्यासाठी. चालवणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकेचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच फेरीत टेस्ट पास झाले. म्हणजे गाडी मला येत होती. पण फ्रीवेवर तो आरसा बघितला की मला गाड्या दिसतच नसत, स्ट्रेचर दिसे.

त्या दिवसानंतर आठ महिने मी फ्रीवेवर गेले नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, "खालून सोपं पडतं." एकदा मावशीची तारीख होती. खालून गेलो, शिवडीच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पोहोचलो तेव्हा केसपेपरची खिडकी बंद झाली होती. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मावशी एक शब्द बोलली नाही. तिच्या गोळ्या मात्र संपत आल्या होत्या, आणि ते मला माहीत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी वस्तीत हळूच विचारायला लागले. कळलं की असे आपल्यात बरेच आहेत. शाळेची व्हॅन चालवणारी एक ताई आतल्या रस्त्यांवर पक्की, पण हायवेच्या पलीकडची मुलं घ्यायला तयार नाही. आमच्या मागच्या गल्लीतला एक तरुण मालकाची गाडी अ‍ॅपवर चालवतो. एअरपोर्टचं भाडं आलं की तो काहीतरी कारण काढून रद्द करतो, कारण तिथे जायचं म्हणजे हायवेवर चढून तीन लेन पार करणं आलं. महिन्याला किती भाडी गेली याचा हिशेब त्याने मला कधी सांगितला नाही. मालकाने मात्र त्याला सांगितला होता.

याला लोक 'घाबरट' म्हणतात. बाई असेल तर आणखी बोलतात. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला बाइकवाला काच खाली असेल तर ऐकू जाईल असं बोलतो. मला यात वेगळंच काही दिसतं. ज्या घरात गाडी असते तिथला मुलगा लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून हायवे बघतो. अठराव्या वर्षी लायसन्स निघालं की सुट्टीच्या दिवशी बाप त्याला बाजूला बसून शिकवतो. आपल्याकडे घरात गाडी कुठली? ड्रायव्हिंग स्कूलचे ते पंधरा-वीस दिवस, रोजची अर्धा तास फेरी, सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. वेग फार तर तीस-चाळीस. टेस्टमध्ये आठचा आकडा काढायचा, चढावर गाडी थांबवून उठवायची, रिव्हर्स घ्यायची. हायवेवर लेन बदलायला कोणी शिकवलं? मला तरी कोणीच नाही. लायसन्स हातात पडलं की आपला पोरगा दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या गाडीवर ड्युटीला, आणि एक ओरखडा पडला तरी पगारातून कापणार. अशा माणसाचे हात थरथरले तर त्याला घाबरट म्हणायचं की न शिकवलेला म्हणायचं?

आता शरीराचं बघू. धोका आहे असं मेंदूला वाटलं की तो विचार करत बसत नाही. मूत्रपिंडावरच्या लहानशा ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. नाडी वाढते, श्वास भराभर चालतो, हाताला घाम येतो, मान-खांदे ताठ होतात. कुत्रं मागे लागल्यावर पळण्यासाठी ही तयारी फार कामाची. पण ड्रायव्हिंग सीटवर पळणार कुठे? सगळी ताकद स्टेअरिंग आवळण्यात जाते. नजर आखडते, समोरच्या गाडीच्या दिव्याला चिकटते आणि आरशाकडे जातच नाही. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर वाटतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं, आता चक्कर येणार, आता मी मरणार. मग भीती आणखी वाढते आणि श्वास आणखी भरभर होतो. भीतीचा असा झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो. पण हे उतरणं आपण बघतच नाही, कारण त्याआधीच आपण पळ काढतो.

तेच माझं "बरं वाटलं". फ्रीवे टाळला की लगेच सुटका झाल्यासारखं वाटतं. मेंदू त्यातून धडा घेतो: बघ, टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. आधी फ्रीवे टाळला, मग उड्डाणपूल, मग पाऊस असला की गाडीच नको, असं करत भीतीचं घर मोठं होत जातं. मी आठ महिने माझ्या भीतीला रोज खाऊ घालत होते. दुसऱ्या कोणा रुग्णाचं असं झालं असतं तर मी त्याला पाच मिनिटांत समजावलं असतं. स्वतःचं समजायला आठ महिने आणि मावशीची एक तारीख गेली.

उपाय म्हणजे उलट करायचं: भीतीच्या जवळ जायचं, पण एकदम उडी न मारता पायरी-पायरीने, आणि प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं. मानसोपचारात ही पद्धत जुनी आणि तावून सुलाखून निघालेली आहे. "एकदा जोरात घेऊन जा, भीती मोडेल," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. तसं केल्याने माणूस गाडीच सोडतो.

मला पायऱ्या चढवल्या आमच्या वस्तीतल्या काकांनी. ते बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मी जाऊन जय भीम केला आणि सगळं खरं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शन पहिल्यांदा कोणाला दिलं?"

"संत्र्याला," मी म्हटलं. खरंच, आम्हाला आधी संत्र्यावर शिकवायचे.

"मग फ्रीवे एकदम माणसावर कशाला शिकताय? संत्रं शोधू."

पहिलं संत्रं विहाराच्या मागचं मैदान निघालं. काकांनी मला गाडीत बसवलं, इंजिन बंद. आधी सीट. मी स्टेअरिंगला छाती लावून बसायचे. घाबरलेला माणूस असाच बसतो. त्यांनी सीट मागे घ्यायला लावली, इतकी की क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील आणि पाठ सीटला टेकलेली राहील. मग आरसे. मधल्या आरशात मागची काच पूर्ण दिसली पाहिजे. बाजूच्या आरशांत आपल्याच गाडीचा दरवाजा भरून दिसत असेल तर आरसा वाया जातोय; आपल्या गाडीची फक्त कड दिसावी आणि बाकी रस्ता.

नंतर काका गाडीभोवती फिरायला लागले आणि मला म्हणाले, दिसतो तोवर बोलत राहा. "दिसताय, दिसताय, दिसताय..." उजव्या मागच्या चाकाजवळ आले आणि गायब! कुठल्याच आरशात नाहीत. मान वळवली तर खिडकीपाशी उभे राहून हसत होते. बघायला जमलेल्या बायकाही हसल्या. एवढा सहा फुटी माणूस जिथे नाहीसा होतो तिथे मोटारसायकल सहज मावते. डाव्या बाजूलाही तसंच. सगळ्या नव्या ड्रायव्हरांनी हा खेळ एकदा तरी खेळून बघावा; पैसे लागत नाहीत. आणखी एक गोष्ट: बाजूचा आरसा बहुतेक वेळा फुगीर असतो. त्यात जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. अंतराचा अंदाज मधल्या आरशातून घ्यावा.

दुसऱ्या पायरीला मी गाडी चालवलीच नाही. काका चालवत होते, मी शेजारी. माझं काम फक्त मोठ्याने बोलण्याचं: "डावीकडे टेम्पो, मागे पांढरी गाडी, उजवीकडून बाइक येतेय." तोंड चालू राहिलं की श्वास अडकत नाही, आणि नजर एका जागी चिकटत नाही.

तिसऱ्या पायरीला रविवारी सकाळी सहा वाजता निघालो. फ्रीवेवर उतरण्याच्या जागा कमी, एकदा चढलं की लांब जावं लागतं. म्हणून काकांनी त्याआधी पूर्व द्रुतगती महामार्ग निवडला. छेडानगरला चढायचं, डाव्या लेनमध्येच राहायचं, रमाबाई नगर मागे टाकून विक्रोळीला उतरायचं. बस्स. थांबायचं, पाणी प्यायचं, परत यायचं.

मी एक वही ठेवली होती. रुग्णालयात आम्ही दुखणं शून्य ते दहामध्ये विचारतो, तसं मी भीतीला आकडा द्यायला लागले. निघण्याआधी किती, मध्ये किती, उतरल्यावर किती. पहिल्या रविवारी आठ, नऊ, पाच. त्याच रस्त्यावर चौथ्या फेरीत पाच, चार, दोन. आकडा अर्ध्यावर आल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही, असं ठरवलं होतं. मध्ये एका रविवारी पाऊस आला आणि आकडा पुन्हा सातवर गेला. मी रडकुंडीला आले. काका म्हणाले, "ताप पण चढतो-उतरतो ना सिस्टर? चार्ट लिहा." लिहिला.

मग आली ती लेन.

लेन बदलताना सगळ्यात मोठी चूक मी केली होती तीच सगळे करतात, ब्रेक. वाटतं की हळू झालो म्हणजे सुरक्षित झालो. हिशेब करून बघा. शेजारच्या लेनमधल्या गाड्या सत्तरने चालल्या आहेत आणि तुम्ही चाळीसवर आलात. फरक तीसचा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडा जास्त. मागची गाडी चाळीस मीटर लांब असेल तर ती पाच सेकंदांच्या आत तुमच्यावर येते. पण तुम्ही पासष्टने चालत असाल तर फरक पाचचाच. तेच चाळीस मीटर भरून यायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. रस्ता तोच, मागची गाडी तीच. म्हणून आधी आपल्याच लेनमध्ये, पुढे जागा बघून, वेग शेजारच्या लेनच्या जवळ आणायचा, अर्थात पाटीवरच्या वेगमर्यादेत राहून. त्यानंतर सरकायचं.

काकांनी क्रम तोंडपाठ करून घेतला: आधी मधला आरसा, मग बाजूचा आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा, मान, आणि शेवटी स्टेअरिंग. इंडिकेटर तीन-चार वेळा लुकलुकू द्यायचा. देता देताच घुसायचं नाही. मान म्हणजे खांद्यावरून एक झटपट नजर, काका गायब झाले होते त्या जागेवर. ही नजर अर्ध्या सेकंदाची. जास्त वेळ मागे बघत राहिलं तर समोरचा ब्रेक लावतो आणि आपल्याला कळत नाही. स्टेअरिंग वळवायचं नसतं, नुसतं त्या बाजूला झुकवायचं असतं. गाडी आपली आपण तिरकी सरकते. एका वेळी एकच लेन. तिथे स्थिर झालो, इंडिकेटर बंद केला, मग पुढची.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत इंडिकेटर दिला की मागचा उलट वेग वाढवतो. खरं आहे. काकांचं उत्तर सोपं होतं: "जाऊ द्या त्याला. तो गेला की त्याच्या मागची जागा तुमची." हे ऐकल्यावर माझी निम्मी भीती गेली, कारण मी तोवर प्रत्येक जागा ही शेवटचीच जागा समजत होते. तसंच उतरायच्या फाट्याचं. फाटा चुकला तर पुढच्या फाट्याला उतरून वळून यायचं. दहा मिनिटं जातील. शेवटच्या क्षणी तीन लेन आडवं कापणं किंवा कडेला थांबून रिव्हर्स घेणं, यातून कसे रुग्ण येतात ते मी पाहिलं आहे. तेवढं मला विचारू नका.

पुढच्या गाडीपासून अंतर किती? मीटर मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबापाशी तीन सेकंदांनी पोहोचला पाहिजेत. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, म्हणजे ते अंतर पासष्ट-सत्तर मीटरचं झालं. मध्ये कोणी घुसला तर घुसू द्यावं, पुन्हा थोडं मागे व्हावं. पावसात हे अंतर आणखी वाढवायचं. आणि ट्रकच्या बाजूला रेंगाळू नका. ट्रकच्या आरशात तुम्हाला त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

श्वासाचं सांगते. निघण्याआधी, गाडी उभी असताना, चार मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा मोजत हळूहळू सोडा. असे दहा श्वास. सोडण्याचा श्वास लांबला की नाडी मंदावते. आपल्यातले बरेच जण विहारात आनापान करतात, त्यांना हे नवीन नाही. पण गाडी चालू असताना डोळे मिटणं नाही आणि श्वासात रमणंही नाही. तेव्हा लक्ष रस्त्यावरच पाहिजे. चालवताना फक्त एवढंच आठवायचं: खांदे खाली, हाताची पकड सैल, श्वास सोडला का? झटका आलाच तर लेन बदलायचा विचार सोडून द्या, आहात त्या लेनमध्ये राहा, वेग थोडा थोडा कमी करा आणि पहिल्या फाट्याला उतरून सुरक्षित जागी थांबा. फ्रीवेच्या मध्येच उभं राहणं हे भीतीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

मागच्या गल्लीतल्या त्या तरुणाकडे परत येते. त्याने स्वतःचे उपाय आधीच सुरू केले होते, म्हणून मला हे पान लिहावंसं वाटलं. एका मित्राने त्याला "टेन्शनची गोळी" दिली होती. अर्धी गोळी घेऊन तो रात्रपाळी करायचा. मी पाकीट बघितलं आणि हात कपाळाला लावला. झोप आणणारी, सवय लावणारी गोळी ती. भीती कमी झाल्यासारखी वाटते, पण पाय ब्रेकवर उशिरा पडतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी कधीही घेऊ नका. धडधड कमी करणाऱ्या काही गोळ्या दम्याच्या माणसाच्या जिवावर उठू शकतात. साध्या सर्दीच्या आणि अंग खाजण्याच्या कित्येक गोळ्या, खोकल्याची काही औषधंसुद्धा झोप आणतात, औषधवाल्याला तोंडाने विचारा, "गाडी चालवायची आहे, चालेल का?" दारूचं तर बोलायलाच नको. "थोडी घेतली की हात थरथरत नाही" म्हणणारे मी अपघात विभागात पुष्कळ ऐकले आहेत, त्यांच्या नातेवाइकांच्या तोंडून. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण त्याच्या आतही अंदाज चुकतोच.

त्या तरुणाची दुसरी अडचण बोलता बोलता बाहेर आली. तो चौदा-चौदा तास ड्युटी करत होता. पहाटे तीन-चारला हायवेवर त्याला जे "घाबरल्यासारखं" व्हायचं, त्यातलं बरंचसं झोपेचं होतं. डोळा लागता लागता शरीर दचकून उठतं, छाती धडधडते, आणि माणसाला वाटतं आपण घाबरलो. झोपेवर खिडकी उघडणं, गाणी लावणं, तंबाखू मळणं हे काहीच उपाय नाहीत. सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपणं हा उपाय आहे. पण त्याच्या मालकाला हे कोण सांगणार? आम्ही सांगितलं. काका, मी आणि त्याची आई, तिघं गेलो. रात्रपाळी आठवड्यातून तीनवर आली. सगळं मनासारखं नाही झालं, तेवढं झालं.

प्रत्येक धडधड भीतीची नसते, हेही नर्स म्हणून सांगायला हवं. अंगात रक्त कमी असलं की छाती धडधडते, दम लागतो. आपल्या बायकांमध्ये हे फारच आढळतं. थायरॉइड वाढलेलं असलं की हात थरथरतात, घाम येतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी गाडी काढली तर साखर उतरते आणि नेमकी हीच लक्षणं दिसतात. अशांनी खाऊनच निघावं आणि गाडीत साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. पालिकेच्या दवाखान्यात एकदा हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, थायरॉइड बघून घ्या. छातीत दाब येऊन दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, थंड घाम सुटला असेल, तर "माझी भीतीच असेल" असं म्हणत बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि १०८ ला फोन करा.

आणि डोळे! चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ते आपण ओळखीने सही आणून उरकतो. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या त्या ताईला मी तपासायला पाठवलं तर लांबचा नंबर निघाला. इतकी वर्षं तिला आरशातली गाडी नीट दिसतच नव्हती, आणि नवरा म्हणत होता, "तुला हिंमतच नाही." चष्मा लागल्यावर तिच्या वहीतला आकडा एका आठवड्यात सातवरून चारवर आला. नवऱ्याने पुढे काय म्हटलं ते विचारलं नाही.

ज्यांनी स्वतः अपघात भोगला आहे किंवा डोळ्यांसमोर पाहिला आहे, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. महिना उलटून गेला तरी तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसत असेल, स्वप्नात येत असेल, हॉर्न ऐकून अंग थरथरत असेल, तर नुसत्या रविवारच्या सरावाने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे; फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मी स्वतः बोलले आहे. त्या स्ट्रेचरबद्दल मी कोणाशी पहिल्यांदा बोलले असेन तर त्या फोनवर. त्यानंतर आरशात बघणं सोपं गेलं. स्ट्रेचर अजून कधी कधी दिसतं, पण त्याच्या शेजारी आता मागची गाडीही दिसते.

ऑक्टोबर जवळ येतोय. दीक्षाभूमीला जाण्यासाठी वस्तीतून गाड्या ठरायला लागल्या आहेत आणि मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण सुरू आहे. तो फ्रीवेसारखा गजबजलेला नाही, उलट सरळ आणि मोकळा आहे. तिथे माणूस घाबरत नाही, सुस्तावतो. वेग कळेनासा होतो, नजर लागते आणि मधूनच हळू चाललेला ट्रक समोर येतो. एकाच ड्रायव्हरवर सगळा रस्ता टाकू नका. दोघं ठरवा, दर दोन तासांनी थांबा, टायरची हवा आणि झीज निघण्याआधी बघा, आणि मागे बसणाऱ्या बायकामुलांनीही पट्टा लावा. रात्री जेवून निघून पहाटे पोहोचण्याचा हट्ट नको. एक दिवस आधी निघा.

मावशीला परवा पुन्हा घेऊन गेले, फ्रीवेवरूनच. पांजरापोळला आकडा तीन होता. इंडिकेटर दिला, पांढऱ्या गाडीवाल्याने वेग वाढवला, त्याला जाऊ दिलं आणि त्याच्या मागे सरकले. बोगद्यात शिरताना मावशीला सांगितलं, "मावशी, बोगदा आला." ती म्हणाली, "मला दिसतंय गं. तू समोर बघ."

दर रविवारी सकाळी सहाला काका विहाराच्या मागच्या मैदानात असतात. ज्यांच्याकडे पक्कं लायसन्स आहे पण हायवेवर जायला धीर होत नाही, त्यांनी यावं, बायांनी तर नक्की यावं. पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. चष्मा असेल तर आणा, एक वही आणा, आणि रात्रपाळी करून आला असाल तर आधी घरी जाऊन झोपा, पुढच्या रविवारी या.